बाळाचा पाय अचानक लुळा पडला तर? पोलिओ कसा ओळखायचा

माझा मामा दीड वर्षाचा होता तेव्हा त्याला ताप आला, आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी उठला तर उभाच राहीना. आजी सांगायची, सगळ्यांना वाटलं तापाने अशक्तपणा आलाय, म्हणून आठवडाभर तेल लावून पाय चोळत बसले. आज मामाचा उजवा पाय बारीक आहे, कॅलिपर लावल्याशिवाय चालता येत नाही. म्हणून आईबाबांनो हे नीट वाचा.

पोलिओची लागण झालेल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही, काहींना ताप, घसा दुखणं, डोकेदुखी, उलट्या, म्हणजे अगदी व्हायरलसारखंच. मान कडक झाली, पाठ किंवा पाय दुखतायत म्हणून मूल हात लावू देत नाही, तर मात्र सावध व्हा. साधारण २०० लागणींमागे एकाला लकवा होतो.

तो कसा दिसतो? बाळाला उताणं झोपवा आणि तळव्याला गुदगुल्या करा. गुदगुल्या त्याला कळतात, तोंड वाकडं करेल, रडेल, पण तो पाय काही ओढून घेत नाही. पाय उचलून सोडला तर ओल्या फडक्यासारखा धपकन पडतो. बहुतेकदा एकच पाय, नाहीतर एक जास्त एक कमी. चालणारं मूल लंगडतं, पडतं, उभं राहायला नको म्हणतं. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

असा लुळेपणा दुसऱ्या आजारांतही येतो, ते घरी ठरवू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. मालिश नको, आणि तापासाठी उगाच इंजेक्शन द्यायला लावू नका, कारण पोलिओची लागण असेल तर सुई टोचलेला पायच लुळा पडायचा धोका वाढतो (लसीबद्दल बोलत नाहीये हं, लस द्यायचीच).

१५ वर्षांखालच्या मुलाला असं अचानक झालं की दवाखान्यातून वर कळवावंच लागतं. मग शीचे दोन नमुने घेतात, २४ तासांच्या अंतराने, आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. नाव नोंदवलं म्हणजे पोलिओच झाला असं नाही, घाबरून लपवू नका. भारतात वाइल्ड पोलिओची (म्हणजे लसीतून न आलेल्या, मूळ विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओची) शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून ही तपासणी चालूच आहे.

आणि आत्ताच लसीकरणाचं कार्ड काढून बघा: थेंब जन्मताच, मग ६, १०, १४ आठवड्यांना आणि दीड वर्षाच्या आसपास बूस्टर, पोलिओचं इंजेक्शन ६, १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना. रविवारच्या बूथवरचे दोन थेंब हे त्याशिवाय वेगळे. एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना उद्याच विचारा.