‘कनिष्ठ’ इंग्रजीत कसे लिहावे

मराठीत कनिष्ठ अभियंता, कनिष्ठ न्यायालय आणि कनिष्ठ दर्जाचे कापड या तिन्ही ठिकाणी एकच विशेषण चालते. इंग्रजीत मात्र अनुक्रमे ज्युनिअर, सबऑर्डिनेट आणि इन्फिरिअर असे तीन वेगळे शब्द लागतात, आणि त्यांची अदलाबदल झाली की साध्या अर्जातही एखाद्याचा विनाकारण अपमान होतो. म्हणून नोकरीतला क्रम सांगायचा आहे, अधिकाराची उतरंड सांगायची आहे की गुणवत्तेतले उणेपण, हे वाक्य लिहिण्यापूर्वीच ठरवावे. इन्फिरिअर हा शब्द वस्तूंपुरता ठेवावा. माझ्या मते सहकाऱ्याविषयी तो कधीही लिहू नये. हे तिन्ही शब्द लॅटिनमधून आलेले असून त्यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येते: ‘शी इज ज्युनिअर टू मी बाय टू इयर्स’.

सबऑर्डिनेट या शब्दाला विशेष जपावे, कारण त्यात दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली असणे अभिप्रेत असते. राज्यघटनेच्या २३३ ते २३७ या अनुच्छेदांचे शीर्षकच ‘सबऑर्डिनेट कोर्ट्‌स’ असे आहे, त्यामुळे नागपूरच्या जिल्हा न्यायालयाला हा शब्द लावणे योग्य ठरते. परंतु येथील खंडपीठ मुंबईच्या हाताखालचे नसून ते स्वतःच मुंबई उच्च न्यायालय आहे, आणि त्याला सबऑर्डिनेट म्हणणे ही वस्तुस्थितीचीच चूक आहे. उपराजधानीचेही तसेच आहे. येथील बातम्यांत ‘सब-कॅपिटल’ दिसते, पण परप्रांतातील वाचकाला त्यावरून नीट बोध होत नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते, तेव्हा ‘विंटर कॅपिटल’ किंवा ‘सेकंड कॅपिटल’ लिहावे.

‘मी कार्यकारी अभियंत्यांच्या हाताखाली काम करतो’ हे बायोडेटात लिहिताना ‘आय रिपोर्ट टू द एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर’ असे लिहावे. ‘वर्क अंडर’ चुकीचे नाही, मात्र ‘रिपोर्ट टू’ने कामाची रचना कळते आणि लिहिणाऱ्याचा मानही राहतो.

वाक्प्रचारांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. ‘प्ले सेकंड फिडल टू’ हा वाद्यवृंदातील दुसऱ्या व्हायोलिनवरून आला. दुसऱ्याच्या सावलीत राहावे लागल्याची सल त्यात बहुधा असते. समजा, सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या कार्यालयात उपअभियंत्यांचा निरोप समारंभ आहे आणि वक्ता कौतुकाच्या भरात ‘ही ऑलवेज प्लेड सेकंड फिडल टू अवर चीफ’ म्हणतो: सत्कारमूर्तीला जन्मभर दुय्यम ठरवून तो मोकळा होतो. तेथे ‘ही वॉज अवर सेकंड इन कमांड’ म्हणावे, कारण त्यात विश्वास आणि जबाबदारी दोन्ही व्यक्त होतात. संघटनेच्या सामान्य सभासदांसाठी, म्हणजे पदाधिकारी सोडून उरलेल्यांसाठी, ‘रँक अँड फाइल’ निःसंकोच वापरावे. मूळचा हा लष्करी शब्दप्रयोग सैनिकांच्या आडव्या-उभ्या रांगांवरून आला आहे. ‘स्मॉल फ्राय’ आणि ‘अंडरलिंग’ यांत तुच्छता उघड आहे, तेव्हा कार्यालयीन पत्रात त्यांना स्थान देऊ नये.