तळहात-तळपायांवर पूभरल्या पुटकुळ्या? या चुका टाळा

पू दिसला की जंतुसंसर्ग, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पामोप्लांटर पस्ट्युलोसिस या दुर्मीळ आजारात नेमकं तेच नडतं. तळहाताच्या मांसल भागावर, तळपायाच्या खोलगट भागात किंवा टाचेच्या कडेला लाल, खरबरीत चट्टा उठतो आणि त्यात मोहरीएवढ्या पिवळ्या पुटकुळ्या येतात. काही दिवसांत त्या सुकून तपकिरी ठिपके उरतात, पापुद्रा सुटतो, तोवर शेजारी नव्या पुटकुळ्या तयार! पण या पुवात जंतू नसतात. रोगप्रतिकारशक्ती बिनकारण चेतते, पांढऱ्या पेशी कातडीत साचतात आणि त्याच पुवासारख्या दिसतात. त्यामुळे हा आजार स्पर्शाने पसरत नाही. टॉवेल, भांडी वेगळी ठेवायचं कारण नाही.

पहिली चूक म्हणजे मनानेच अँटिबायोटिक घेणं. एक कोर्स झाला, फरक नाही, म्हणून दुसरा. काही अँटिबायोटिक्स दाह कमी करतात म्हणून डॉक्टर ती कधी देतातही, पण तो निर्णय त्यांचा. सुईने पुटकुळ्या फोडणं तर त्याहून वाईट. आत नसलेले जंतू तुम्हीच आत सोडता. मग लाली पसरली, भाग गरम लागला, ताप आला, तर तो खरा संसर्ग समजा आणि लगेच डॉक्टर गाठा. ताप येऊन अंगभर पुटकुळ्या उठल्या तर थेट हॉस्पिटल.

नायटा समजून दुकानातलं मलम लावणं, ही सर्रास दिसणारी चूक. तळपायाचा नायटा कधीकधी असाच दिसतो हे खरं, म्हणूनच कातडीचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन मिनिटांचं काम, पण आधीच बुरशीचं मलम चोपडून गेलात तर बुरशी असूनही सापडत नाही. स्टिरॉइड मिसळलेली ‘सर्वगुणसंपन्न’ मलमं आणखी घोळ घालतात: नायटा असेल तर लाली दबते आणि बुरशी आत फोफावते.

निदान झाल्यावरही मलम चुकतंच. तळव्याची कातडी जाड, तिथे सौम्य स्टिरॉइड आत शिरतच नाही. त्यामुळे डॉक्टर तीव्र मलम देतात आणि बऱ्याचदा रात्री वर आवरण घालायला सांगतात. लोक ते बोटभर जागेला पुसटसं लावतात आणि आठवड्यात ‘गुण नाही’ म्हणून सोडतात. किंवा उलट, बरं वाटतं म्हणून महिनोन्महिने चोळत राहतात. दोन्ही नको. किती, कुठे, किती दिवस आणि कमी कसं करायचं, हे लिहूनच घ्या. भेगांना दिवसातून अनेकदा घट्ट, बिनवासाचं, कातडी मऊ ठेवणारं साधं मलम (स्टिरॉइडचं नव्हे) लागतंच. हात धुतल्यावर लगेच लावा. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. बंद केल्यावर आजार उसळू शकतो.

आता सिगारेट. या आजाराचे बहुतेक रुग्ण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले असतात, हा संबंध फार ठळक आहे. सोडल्यावर लगेच हात स्वच्छ होतील असं नाही. तरीही उपचारांवर पैसे घालून सिगारेट चालू ठेवणं मला तरी समजत नाही.

या आजारासाठी अ‍ॅसिट्रेटिनच्या (अ जीवनसत्त्वाच्या गटातलं औषध) गोळ्या दिल्या असतील तर एक गोष्ट लपवू नका: गर्भधारणेची शक्यता. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यानंतर 3 वर्षं गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. दारूमुळे हे औषध अशा रूपात बदलतं, जे शरीरात फार काळ टिकतं.

आणि छातीच्या हाडाजवळ, गळपट्टीच्या हाडाला दुखत-सुजत असेल तर ‘वेगळं दुखणं’ म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांपासून दडवू नका. काही रुग्णांत हाडा-सांध्यांचा दाह याच आजाराबरोबर येतो आणि त्यावरून औषधाची निवड बदलू शकते.