खोदण्याआधी या चुका टाळा: जमिनीखालची केबल, गॅस आणि पाण्याची लाइन

नवी मुंबईत रो-हाउससमोर पाण्याची टाकी बांधायची किंवा कंपाउंडची भिंत नव्याने उचलायची म्हटलं की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. खालून काय काय गेलंय, हा प्रश्न बकेट जमिनीत गेल्यावर पडतो. त्याच त्या चुका पाहून मला आता राग येतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

लाइन सरळच गेली असणार, असं धरून चालणं

सगळ्यात घातक चूक हीच. कोपरखैरण्यात एका रो-हाउससमोर टाकीचा खड्डा चालला होता. गॅसचा पाइप भिंतीवरून उतरलेला, गेटबाहेर गॅसचा मार्कर. कंत्राटदाराने दोघांच्या मध्ये दोरी धरून फक्कीची रेघ मारली आणि बाजूला चार फूट सोडून जेसीबी लावला. पाइप मात्र जुन्या चेंबरला वळसा घालून नेमका त्या चार फुटांपलीकडून गेला होता. बकेटच्या दाताने पिवळा प्लास्टिकचा पाइप फाटला.

मी शेजारच्या गल्लीतल्या कामावरून धावत गेलो, तर एक मजूर फाटलेल्या जागेवर फावड्याने माती लोटत होता. हे तर कधीच करू नका. कोंडलेला गॅस मातीतून आणि ड्रेनेजमधून वाट काढून घरात शिरतो. आम्ही मशीन तिथंच सोडून सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला लांब नेलं, ठिणगी पडू नये म्हणून पंपाच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही आणि लांबूनच गॅस कंपनीच्या इमर्जन्सीला फोन केला. कुणाला इजा झाली नाही. पण हाताने एक ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते बघायला छोटा खड्डा, घेतला असता, तर अर्ध्या तासात ते वळण दिसलं असतं.

लोकेटर वाजला नाही म्हणजे खाली काही नाही

साधा लोकेटर, म्हणजे जमिनीखालची केबल शोधणारं हातातलं यंत्र, नुसता फिरवला तर तो मुख्यतः करंट वाहणारी केबल पकडतो. लोड नसलेली केबल सुटू शकते, आणि ट्रेसर वायर (पाइप शोधता यावा म्हणून त्याच्यासोबत पुरलेली तार) नसेल तर प्लास्टिकचा पाइप त्याला दिसतच नाही. त्यासाठी जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडणारा रडार, मागवतात, पण खाडीलगतच्या भरावाखालच्या खाऱ्या, चिकट मातीत त्याच्या लहरी फार खोल जात नाहीत. पावसाळ्यात तर आणखीच कमी. केबलला सिग्नल देणारा ट्रान्समीटर जोडून तिचा माग काढणारा माणूस मिळाला तर जरूर बोलवा, पण मशीनने फक्त ट्रायल पिट कुठे घ्यायचा ते कळतं.

मी मशीनआधी डोळ्यांनी बघतो. मीटर, व्हॉल्व्हची झाकणं, दिव्याचा खांब. पेव्हर ब्लॉकमध्ये एक पट्टा किंचित खचलेला असतो, सर आली की पाणी तिथंच साचतं. तिथं कधीतरी चर खोदलेला असतो.

'केबल तीन फूट खाली असते'

नियमाने लो टेन्शन (घरगुती दाबाची) केबल ७५ सेंटीमीटर, ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) ९० सेंटीमीटर खोल हवी. पण पुढे कुणी माती काढली, कुणी भराव टाकला, तर तो आकडा कागदावरच राहतो. मुरूम खणताना मध्येच केबलवर टाकलेली वाळू, विटा किंवा इशाऱ्याची रंगीत पट्टी लागली की टिकाव बाजूला ठेवा. पहार तर मी साइटवर आणूच देत नाही.

केबल तुटली, लाइट गेली, आता धोका नाही

फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून येणारी वीजलाइन, पुन्हा चालू होऊ शकतो. हात लावू नका, महावितरणच्या १९१२ नंबरवर कळवा. बकेट केबलला चिकटली असेल तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसावं.

कुणाला न विचारणं

महावितरण, महानगर गॅस, महापालिकेचं वॉर्ड ऑफिस, तिन्हीकडे आधी कळवा. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आणलं. त्यात खोदायची जागा टाकली की नोंदलेल्या कंपन्यांना सूचना जाते. उत्तराला वेळ लागतो म्हणून कंत्राटदार कुरकुर करतो, करू द्या.

जुन्या नकाशावर विसंबणं

सोसायटीच्या कपाटातला नकाशा बहुधा ठरवलेल्या कामाचा असतो, झालेल्या कामाचा नसतो.

खड्डा मोजमाप न घेताच बुजवणं

लाइन उघडी असतानाच टेप धरून फोटो काढा, भिंतीच्या कोपऱ्यापासूनचं अंतर आणि खोली लिहा, आणि एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात द्या.