विज्ञान दिनाची तयारी: पाण्यात वळणारा उजेड

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांना रामन परिणामाचा (विखुरलेल्या उजेडाचा थोडा भाग रंग बदलतो, त्याचा) शोध लागला, आणि हेच रामन १९१० मध्ये सरकारी नोकरीनिमित्त नागपुरात होते. पोरांना एवढं सांगितलं की प्रस्तावना पुरे. खरी मेहनत सामानात आहे. शाळेत प्रयोगशाळा नसली तरी अपवर्तनाचं, म्हणजे एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना उजेड वळतो ते दाखवण्याचं, बहुतेक सामान गावातच मिळतं, फक्त आठवडाभर आधी गोळा करायला लागा.

पहिला लागेल तो जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि एक नाणं. नाणं बुडाशी मेणाने चिकटवा, नाहीतर पाणी ओतताना ते सरकतं आणि पोरं म्हणतात, "सर, नाणंच हललं." बघणाऱ्याला मागे मागे सरकवा. नाणं काठाआड गेलं की त्याने तिथेच थांबायचं आणि दुसऱ्याने हळूहळू पाणी ओतायचं, की नाणं पुन्हा दिसू लागतं. प्रत्येकाची पाळी येऊ द्या, भले तास संपो. एकाने बघून दहा जणांना सांगण्यात काही अर्थ नाही.

लेझर जत्रेत मिळतो तो चालेल, पण तो तुमच्याच हातात राहू द्या आणि कोणाच्या डोळ्यावर जाणार नाही याची काळजी घ्या. पाण्यासाठी सपाट बाजूंचा पारदर्शक डबा शोधा. गोल बरणी नको, तिची वळलेली भिंतही किरण वाकवते आणि पोरांचा गोंधळ उडतो. पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंबच टाका. जास्त झाले की किरणाची रेघ न दिसता सगळा डबाच उजळतो. वरच्या हवेत अगरबत्तीचा धूर हवा, म्हणजे किरण कुठे वळला तो सांधा नेमका दिसतो. खिडक्यांना सतरंज्या किंवा पोती लावून अंधार करा. आधी किरण सरळ वरून सोडा, तो वळणार नाही. मग तिरपा सोडा, तो स्तंभिकेकडे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेकडे, झुकेल. कारण फळ्यावर आकड्यांत लिहून ठेवा: प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत साधारण २ लाख. काचेतून किरणाची वाट आखायच्या नेहमीच्या प्रयोगासाठी काचेची चीप आणि टाचण्या हायस्कुलातून मागून आणा, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

सोयाबीनचं तेल मात्र विसरू नका. आपल्याकडे ते घरोघरी असतं, आणि त्याचा अपवर्तनांक (उजेडाचा वेग हवेच्या मानाने किती पटीने कमी होतो तो आकडा) बोरोसिलिकेट काचेच्या अगदी जवळ, दोन्ही १.४७ च्या आसपास. याच काचेची परीक्षानळी कोरडी आणि स्वच्छ पुसा, तेलाच्या ग्लासात तिरपी बुडवा आणि तिच्या आतही तेल भरू द्या. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो चमकतो आणि नळी ओळखू येते. बुडबुडा नसेल तर तेलातला भाग जवळजवळ दिसेनासा होतो, वरचा तुकडा तेवढा अधांतरी राहतो. आधी पाण्यात बुडवून दाखवा, तिथे ती स्पष्ट दिसते. दोन पदार्थांत वेगाचा फरकच उरला नाही तर उजेडाला वळायला आणि परतायला कारण उरत नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने मला तरी दाखवता येत नाही.

सर्वात जास्त वेळ निळ्या ड्रमासाठी राखून ठेवा. त्यात ८० सेंटिमीटर स्वच्छ पाणी भरा, बुडाशी पांढरी बशी ठेवा. प्रत्येकाने वरून बघून खोलीचा अंदाज वहीत लिहायचा, त्यानंतरच खुणा केलेला बांबू बुडवायचा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून सरळ वरून पाहिलं तर खोली पाऊणपट भासते, ८० चे ६०. काठावरून तिरपं पाहिलं तर आणखी कमी. मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या घरची पोरं वर्गात असतील तर त्यांना आधी बोलू द्या; मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरायचा, हे ती घरूनच शिकून आलेली असतात.

मग शेततळ्याचं बोला. पन्नी (प्लॅस्टिकचा कागद) अंथरलेल्या तळ्यात पाणी नितळ असलं की बूड जवळ वाटतं, चार फुटांचे तीन दिसतात, आणि पन्नीच्या उतारावर पाय धरत नाही. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत हे पोरांच्या डोक्यात बसलंच पाहिजे, म्हणून त्या दिवशी आईवडिलांनाही बोलवा आणि बांबू त्यांच्याही हाती द्या. मुलांना तळ्यावर नेऊ नका, ड्रम पुरेसा आहे. कार्यक्रम आटोपला की तो लगेच रिकामा करा.