चारी बाजूंनी बंद ट्रेलरचं छत गळत होतं, शेवटी ब्युटाइल टेपने थांबलं
कळव्यात घरी बांधलेल्या ट्रेलरच्या छताचा मधला सांधा पहिल्याच पावसात गळला, आतलं प्लायवूड फुगलं. तीनदा वरून सिलिकॉन फासलं, पुन्हा थेंब. फार वैताग आला. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, हे उशिरा कळलं.

मग जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडलं, पत्रे जोडणारे रिव्हेट ड्रिलने काढले, पत्रे थिनरने पुसून कोरडे केले. दोन पत्र्यांमध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावली आणि पुढचा पत्रा मागच्यावर चढवला. उलटं केलं तर गाडी चालताना वाऱ्याने पाणी सांध्यात घुसतं. नवे रिव्हेट मारून कडेला आणि प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. २४ तास हात लावला नाही. नंतर पाइपने खालपासून वरपर्यंत पाणी मारलं, बायको आत टॉर्च घेऊन बसली. एकही थेंब नाही. काल घोडबंदर रोडला मुसळधार पावसातही आत कोरडं होतं.