तुर्कानात सेवेला निघालाय? आधी पाण्याचं बघा

सोलापूरचा माणूस उन्हाला घाबरत नाही, एप्रिल-मेमधले ४२-४३ आपल्या अंगवळणी पडलेत, आणि नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं म्हणून ड्रम, हंडे, टाकी भरून ठेवायची सवय घरातल्या पोरासोरांना पण आहे. त्यामुळं आपल्या चर्चमधून उत्तर केनियात, तुर्कानात सेवेला जाणाऱ्यांना वाटतं की आपलं सहज निभेल. निभेल हो, पण एक फरक डोक्यात पक्का करून जा. आपल्याकडं उशिरा का होईना नळाला पाणी येतं, तिथल्या कितीतरी वस्त्यांवर नळच नाही. पाणी म्हणजे कुठल्यातरी बाईनं नाहीतर पोरीनं लांबून आणलेला २० लिटरचा पिवळा कॅन, म्हणजे २० किलो वजन.

म्हणून गेल्या गेल्या पहिलं काम हे करा की आपलं पाणी कोण आणणार, कुठून आणणार ते गावातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून ठरवा. पैसे देऊन आणून घेणार असाल तर दर पण त्यांनाच विचारा, आपण जास्त दिला की बाकीच्यांना पाणी महाग होतं. हातपंपावर लाइन असेल तर लाइनीत उभे राहा, पाहुणे म्हणून पुढं जा म्हणतील, जाऊ नका. उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की वाळूत माणूसभर खोल खड्डा खणतात, तळाला पाझरलेलं पाणी एक जण खाली उतरून वाटीवाटीनं भरतो आणि वर देतो, वरचा कॅनमध्ये ओततो. तिथं एकदा सकाळभर बसा, हात लावा. त्यानंतर तांब्याभर पाणी सांडताना पण जीव कसा खालीवर होतो ते बघा.

हिशोब असा ठेवा. मदतकार्यात माणशी रोज किमान १५ लिटर धरतात, तुम्ही पण तेवढ्यातच बसवा. त्यातलं ४-५ लिटर प्यायचं, त्यात काटकसर अजिबात करायची नाही, तहान लागायची वाट न बघता पीत राहायचं. आंघोळ संध्याकाळी, मोठ्या टबात उभं राहून तांब्यानं, म्हणजे अंगावरचं पाणी टबातच राहतं, त्यात पायपुसणी धुवा आणि उरलेलं झाडाला घाला. भांडी आधी राखेनं घासून मग थोड्या पाण्यात विसळायची, आपल्या आज्ज्या करायच्या तसंच. आणि हो, कूलर नाहीतर दाराला ओली चादर टांगायची आपली आयडिया तिथं चालवू नका, शेजारणीच्या घरात प्यायला पाणी नसताना आपण ते हवेत उडवायचं हे बरं दिसत नाही, आणि आपण ज्या प्रभूचं नाव सांगायला गेलोय त्याच्याबद्दल लोक आपल्या वागण्यावरूनच ठरवतात.

प्यायचं पाणी गढूळ असेल तर निवळू द्या, सुती कापडानं गाळा, मग उकळा. सरपण नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत (२ लिटरपेक्षा मोठी नको) भरून कडक उन्हात ६ तास आडवी ठेवा, ढगाळ असेल तर दोन दिवस. जंतू मरतात, पण खारटपणा आणि फ्लोराइड जात नाही, उकळून तर फ्लोराइड उलट दाट होतं, त्यामुळं तुर्काना तळ्याचं पाणी समोर कितीही दिसलं तरी रोज प्यायला घेऊ नका. जुलाब लागले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मोठा नाही.

बाहेरची कामं, भेटीगाठी दहाच्या आत नाहीतर चारनंतर. कुणाच्या घरी गेलात की पुस्तक उघडायच्या आधी शेळ्या कशा आहेत, उंट कसे आहेत, दूध मिळतंय का ते विचारा. २०२० च्या शेवटापासून तिकडं सलग पाच पावसाळे कोरडे गेले, लोकांची जनावरं डोळ्यादेखत मेली, ते दुःख ऐकून घेणं ही पण सेवाच आहे.

सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, टिकते, वाटून खाता येते. एक सोलापुरी चादर पण घ्या, उकाड्यामुळं बाहेर झोपावं लागतं. मच्छरदाणी कायम लावा, मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारा. कोरड्या नदीच्या पात्रात मात्र कधी झोपू नका की गाडी लावू नका, लांब डोंगरात पाऊस पडला की आपण आहोत तिथं आभाळ कोरडं असताना पण पाण्याचा लोंढा येतो.

यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट पासपोर्टसोबतच ठेवा, परत येताना भारतात बघतात आणि नसेल तर वेगळं ठेवतात. आणि सामान बांधताना कॅरीबॅग एकही घालू नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे, चटणी स्टीलच्या डब्यात भरा.