जुना एसी बदलू की अजून दोन उन्हाळे ढकलू?

सगळ्यात आधी एक सांगतो, एसी बदलायचा की नाही हे मे महिन्यात ठरवू नका. मेमध्ये रात्री एक वाजता एसी गरम हवा मारायला लागतो, घरात सगळे घामाने चिंब, आणि सकाळी जो एसीवाला येईल तो म्हणेल ते आपण मान्य करतो. माझं तेच होणार होतं. आमच्या कांदिवलीच्या घरात दोन एसी, बेडरूममधला २०१२ चा आणि हॉलमधला २०१५ चा. एका मेमध्ये सासू-सासरे राहायला आले होते, हॉलमध्ये झोपायचे, आणि नेमका हॉलचा एसी नुसता पंख्यासारखी हवा द्यायला लागला. आलेल्या माणसाने खिडकीतून आउटडोअरकडे, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याकडे, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला साहेब कॉम्प्रेसर गेला, नवीनच घ्या, जुन्याचे मी दोन हजार देतो. मी कार्ड काढायच्या तयारीत. सासरे आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेले, ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आधी कॅपेसिटर बघायला सांगा." कॅपेसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला (गॅस दाबणाऱ्या पंपाला) चालू व्हायला मदत करणारा छोटा भाग, फुगून डब्यासारखा झालेला. साडेसहाशे रुपयांत काम झालं आणि तो एसी आज पण चालतोय.

म्हणून पहिला प्रश्न "किती जुना झाला" हा नाही, "नक्की काय बिघडलंय" हा आहे.

इनडोअरमधून पाणी गळतंय, तर बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. थंड कमी होतंय, तर आधी जाळी आणि कॉइल (गॅस फिरतो त्या नळ्या), मुंबईच्या धुळीत आणि बाजूला कुठेतरी बांधकाम चालू असलं (आणि ते कुठे नसतं?) तर सहा महिन्यांत कॉइलवर गोधडी चढते. एमसीबी ट्रिप होतोय, तर प्लग आणि सॉकेट बघा, जुन्या बिल्डिंगमध्ये बारीक वायरवर एसी टाकलेला असतो आणि प्लगची पिन काळी पडलेली असते. यातलं काहीच एसी बदलण्याचं कारण नाही. नवीन मशीन त्याच जळक्या सॉकेटवर लावलं तर ते पण ट्रिप होणार.

प्रेशर मारून नीट जेट सर्व्हिस करून घ्या, आउटडोअरची पण, नुसती जाळी धुवून जाणारा नको. मग पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून साधा डिजिटल थर्मामीटर आधी एसी हवा ओढतो तिथे, म्हणजे वरच्या बाजूला धरा, मग थंड हवा येते त्या तोंडाशी. साधारण ८ ते १२ डिग्रीचा फरक पडला तर मशीन काम करतंय. जुलैच्या दमट हवेत फरक थोडा कमी दिसेल कारण अर्धी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, त्याला घाबरू नका.

आता गॅस, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, ते बंद सर्किट आहे. दर उन्हाळ्यात "गॅस कमी झालाय, टॉप अप करतो" म्हणजे कुठेतरी लीक आहे आणि तुम्ही दर वर्षी अडीच-तीन हजार हवेत सोडताय. आधी लीक शोधायला सांगा, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करून साबणाचं पाणी लावून. लीक नटच्या जॉइंटला असला तर काम किरकोळ. पण कॉइललाच बारीक भोकं पडली असतील तर गोष्ट वेगळी, एक ब्रेझिंग करून (धातू वितळवून सांधून) बंद केलं की सहा महिन्यांनी शेजारी दुसरं उघडतं. आमच्या बेडरूमच्या एसीचं तीन वर्षं हेच चाललं होतं आणि मी दर वर्षी मुकाट्याने पैसे देत होतो, आता हसू येतं.

आणि हे मुंबईत लवकर होतं. समुद्राची खारी हवा आउटडोअरची कॉइल खाते, आणि ज्यांचं घर खाडी किंवा नाल्याला लागून आहे, माहीमची खाडी म्हणा, मिठी नदीचा काठ म्हणा, तिथला तो सडका वास येतो ना, त्या गॅसने तांबं काळं पडतं आणि पीसीबी, म्हणजे एसीतले सर्किट बोर्ड, पण खराब होतात. त्यामुळे नाशिकच्या मामाचा एसी पंधरा वर्षं चालला म्हणून वर्सोव्यात समुद्रासमोरचा पण चालेल असं काही नाही. आउटडोअरच्या पत्र्याच्या पट्ट्या हाताने चुरा होत असतील तर वय काहीही असो, ते मशीन म्हातारं झालं.

जाता जाता आउटडोअरचं स्टँड पण बघून घ्या. लोखंडी स्टँडला गंज चढून पापुद्रे निघत असतील तर एसी ठेवा नाहीतर बदला, स्टँड आधी बदला, खाली माणसं चालतात.

मग नेमप्लेट वाचा, आउटडोअरवर चिकटवलेली असते, गॅस कुठला ते लिहिलेलं असतं. आर-२२ असेल तर जरा गंभीर व्हा. हा ओझोनला भोक पाडणाऱ्यांपैकी गॅस, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर बंद होत आलाय आणि आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून नवीन एसीत भरायलाच बंदी आहे. दुरुस्तीसाठी अजून मिळतो, पण पुढे मिळणं अवघडच होत जाणार. आर-२२ चं मशीन आहे आणि कॉइल किंवा कॉम्प्रेसर गेलाय, तर माझं मत सरळ आहे, पैसे घालू नका. आणि कोणी म्हणालं की यात आर-३२ (नवीन एसीत असतो तो गॅस) भरून देतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आर-३२ चं प्रेशर बरंच जास्त, तेल वेगळं, शिवाय थोडाफार पेट घेणारा गॅस, जुनं मशीन त्यासाठी बनवलेलंच नाही.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर आधी कपाटातून जुनं बिल शोधा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात आणि लोक विसरून जातात (गॅस आणि मजुरीचे पैसे मात्र द्यावे लागतात). वॉरंटी संपली असेल तर माझा हिशेब असा, मशीन आठ वर्षांच्या पुढे गेलंय आणि दुरुस्ती नवीन एसीच्या एक तृतीयांशाच्या वर जातेय, म्हणजे १२-१५ हजाराच्या वर, तर बदला. पाच वर्षांच्या आतलं असेल तर दुरुस्त करा. मधल्यांनी पुढचा बिलाचा हिशेब करून मग ठरवा.

कारण खूप जण "नवीन घेतला की बिल अर्धं होईल" या आशेवर बदलतात. होतं पण, पण कोणाचं होतं ते बघा. आधी तुमचा जुना एसी किती खातो ते मोजा. वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून (फ्रिज पण, पाच मिनिटांनी काही नासत नाही) फक्त एसी लावा आणि एक मिनिट मोजा. ८० वेळा लुकलुकला तर ८० गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे तासाला दीड युनिटचा वेग. जुना नॉन-इन्व्हर्टर (कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणारा) रात्रभर सतत चालत नाही, मधे मधे कट होतो, म्हणून रात्रभराचं खरं गणित हवं तर झोपताना आणि उठल्यावर मीटरचा फोटो काढा. फ्रिज-पंखे वजा करायला एक रात्र एसी न लावता पण फोटो काढा, वजाबाकी केली की झालं.

आमच्या बेडरूमचा दीड टन एसी तासाला साधारण १.१ युनिट पडत होता. नवीन एसीच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तासांचे असतात हे लक्षात ठेवा. दीड टन ५ स्टारला साधारण साडेसातशे-आठशे, म्हणजे तासाला अर्धा युनिट. फरक अर्ध्या युनिटच्या जरा वर.

आता एका युनिटचे पैसे किती? इथे पण लोक चुकतात, बिलाची रक्कम भागिले युनिट करतात. मुंबईत अदानी असो, बेस्ट असो की टाटा, घरगुती दर १००, ३००, ५०० अशा टप्प्यांनी चढतात आणि एसीचे युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात, वर १६ टक्के वीज शुल्क. सोपी आयडिया म्हणजे मेचं आणि ऑगस्टचं बिल समोर ठेवा, रुपयांचा फरक भागिले युनिटचा फरक. (जानेवारीचं घेऊ नका, एप्रिलमध्ये दर बदलतात.) समजा १२ रुपये आले. वर्षाला दोनशे रात्री, रोज आठ तास, म्हणजे बरोबर १६०० तास, वाचले साधारण नऊशे युनिट, दहा-अकरा हजार रुपये. ४५ हजाराचा एसी चार-साडेचार वर्षांत वसूल. म्हणून बेडरूमचा बदलला.

हॉलचा मात्र पाहुणे आले की आणि मॅच असली की लागतो, वर्षाला तीनशे-साडेतीनशे तास. दोनशे युनिट वाचले तर अडीच हजार रुपये. वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील, तोपर्यंत नवीन एसीच म्हातारा होईल. म्हणून तो कॅपेसिटरवाला तसाच ठेवलाय. कमी वापराच्या खोलीत बदलायची वेळ आलीच तर ३ स्टार घ्या, ५ स्टारचे जास्तीचे पैसे तिथे फिटत नाहीत. तुमच्या जुन्या एसीवर ५ स्टार चिकटवलेले असले तरी त्या भ्रमात राहू नका, निकष दर काही वर्षांनी कडक होतात, जुलै २०२२ मध्ये पण तेच झालं, कालचा ५ स्टार आजचा ५ स्टार नसतो.

अजून एक खास मुंबईची गोष्ट. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय का ते सेक्रेटरीला विचारा. वर्षा-दीड वर्षात घर खाली करायचं असेल तर एसी काढा, भाड्याच्या घरात लावा, परत काढा, दर वेळी काढणं-लावणं आणि वर थोडा गॅस, त्यात नवीन मशीनचे जॉइंट हलतात. अशा वेळी जुना रेटणंच शहाणपणाचं. भाडेकरूंनी पण हाच विचार करावा.

घ्यायचं ठरलं तर डिसेंबर-जानेवारीत घ्या, लावणारी माणसं मोकळी असतात आणि घाईत काम करत नाहीत. हॉट अँड कोल्डच्या (थंडीत गरम हवा पण देणाऱ्या एसीच्या) नादाला लागू नका, मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ डिग्री, ते पण १९६२ साली, बाकी आपल्याला स्वेटर घालायची हौस फक्त असते. साइज पण जुन्याचीच डोळे झाकून घेऊ नका. १२० स्क्वेअर फुटाच्या खोलीला एक टन पुरतो, वरचा मजला किंवा पश्चिमेची भिंत असेल तर दीड. गरजेपेक्षा मोठा घेतला तर खोली पटकन गार होते पण दमटपणा राहतो, चादर ओलसर लागते.

लावायच्या दिवशी सुट्टी टाका. आर-२२ चा जुना पाइप नवीन मशीनला वापरू देऊ नका, आत जुनं तेल असतं आणि प्रेशरचा प्रश्न आहेच. व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा ओढून काढणारा) आणलाय का ते माणूस दारात असतानाच विचारा, नसेल तर तो थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो आणि झालं म्हणतो, तसं चालणार नाही. जास्तीचा कॉपर पाइप मीटरवर लावतात, त्याचा दर आधी ठरवा. आणि जुना काढलेला तांब्याचा पाइप कोणाचा हे पण आधीच बोलून घ्या, आमच्याकडे चहा आणायला आत गेलो तेवढ्यात तो पिशवीत गेला होता.